पेन्शन कुणाची, त्याआधी पेन्शन कोणती?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यात सासरी राहतात. पती पायदळात नाईक होते. पावणेतीन वर्षांपूर्वी ते सुट्टीवर घरी येत होते. रेल्वे स्टेशनवरून चुलतभावाच्या मोटारसायकलवर गावाकडे निघाले आणि वाटेत टिपरच्या धडकेत गेले. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. "सुट्टीवर असताना गेले म्हणून साधी पेन्शन मिळेल," असं गावातल्या माजी सुभेदारांनी पलटणीचं इंग्रजी पत्र वाचून सांगितलं. पेन्शन सुरू आहे, पण बँकेतलं खातं सासऱ्यांबरोबर जोडीचं आहे आणि एटीएम कार्ड सासऱ्यांच्या खिशात असतं. पोलिसांनी परत दिलेली पतीची बॅग सासूबाईंनी काळ्या ट्रंकेत ठेवली आहे, ती त्या कुणाला उघडू देत नाहीत. आता धाकट्या दिराशी लग्नाचा विषय निघालाय: "घरातली पेन्शन घरात राहील, पोराला बाप मिळेल." माहेरच्यांनी एका विधुर शिक्षकाचं स्थळ आणलंय. मामा, म्हणजे सासरे, म्हणतात, बाहेर लग्न केलंस तर पेन्शन बंद आणि पोरगं आमच्याकडे. तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी मिळतेय, पण नोकरी लागली की पेन्शन जाते असंही कुणी सांगितलंय. "पैशांचा विचार करायची लाज वाटते, त्यांच्या मरणावर हिशेब मांडल्यासारखं होतं. मी काय करू?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. 'पेन्शन' हा शब्द अकरा वेळा आलाय. 'मला वाटतं' एकदाच, तेही नोकरीबद्दल: "मला वाटतं मला जमेल." दिराबद्दल तुम्हाला काय वाटतं, त्या शिक्षकांबद्दल काय वाटतं, मुळात पुन्हा लग्न करावंसं वाटतं का, यावर एक ओळ नाही. दिराला कुणी विचारल्याचंही दिसत नाही. तुमच्या घरात सगळेच निर्णय पेन्शनच्या खुंटीला टांगलेले आहेत. म्हणून मनाकडे मी नंतर येते, आधी ती खुंटी भिंतीत नीट बसलीय का ते पाहू.

सेवेत असताना सैनिक गेला की घरी येणारी पेन्शन तीन प्रकारांपैकी एक असते. मृत्यूचा सेवेशी संबंध नाही असं ठरलं, तर साधी, म्हणजे ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन. तिचा नेहमीचा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. सेवेमुळे जडलेला किंवा सेवेत वाढलेला आजार, किंवा कर्तव्यावरचा अपघात हे कारण मान्य झालं, तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना मरण आलं, तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण. वेतनात इथे मूळ पगाराबरोबर मिलिटरी सर्व्हिस पे धरतात. महागाईची रक्कम त्यावर वेगळी.

तुम्ही लिहिलंय की पेन्शन "बरी येते". मेख तिथेच आहे. सेवेत मृत्यू झाला तर साध्या पेन्शनलाही पहिली दहा वर्षं वाढीव दर मिळतो, ५० टक्के. (पूर्वी त्यासाठी सलग सात वर्षांची सेवा लागायची, ती अट १ ऑक्टोबर २०१९ पासून काढली.) समजा, त्यांचं वेतन ४०,००० रुपये होतं. तर आज तुम्हाला २०,००० आणि त्यावर महागाई मिळते. स्पेशल असती तर २४,००० मिळाले असते. चार हजारांसाठी कोण कागद काढत बसतंय, असं कुणालाही वाटेल. पण दहा वर्षं सरली की तुमची पेन्शन १२,००० वर उतरेल आणि स्पेशल २४,००० वरच राहिली असती. तुमचा मुलगा तेव्हा आठवीत असेल. आज जो फरक डोळ्यांत भरत नाही, तो तेव्हा अर्ध्याचा होईल. तेव्हा कागद शोधायला जाल, तर ट्रंकेतल्या तिकिटावरची शाईही उडालेली असेल.

आता त्या इंग्रजी पत्राकडे या. सुभेदारसाहेबांनी वाचलं, "सुट्टीवर असताना गेले." तुम्ही मला लिहिलंत, "सुट्टीवर येताना गेले." असताना की येताना, सगळा वाद या दोन शब्दांत आहे. पोस्टिंगच्या ठिकाणाहून मंजूर सुट्टीवर गावी जाणं आणि तिथून परत हजर व्हायला निघणं, हा प्रवास कर्तव्याचा भाग धरला जातो. माणूस रीतसर वाटेवर हवा, वाकडी वाट करून भलतीकडे गेलेला नसावा. एक जवान मंजूर नैमित्तिक रजेवर स्वतःच्या खर्चाने घरी जाताना रेल्वेतून उतरताना पडला आणि त्याचा हात गेला. प्रवास सरकारी खर्चाने नव्हता म्हणून त्याला अपंगत्वाची पेन्शन नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते कारण खोडून काढलं. मदनसिंह शेखावत विरुद्ध भारत सरकार हे खटल्याचं नाव, वकिलाला सांगायला लिहून ठेवा. उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला नुसती आशा लावून मोकळी झाल्यासारखं होईल. सुट्टीत घरी राहत असताना स्वतःच्या कामासाठी स्कूटरवरून जाताना झालेल्या अपघाताचा सेवेशी संबंध नाही, असं याच न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. समोरचे तुमचं प्रकरण या दुसऱ्या खणात घालू पाहतील. तुम्हाला ते पहिल्या खणात आहे हे दाखवायचंय.

ते दाखवणार कशाने? काळ्या ट्रंकेतल्या बॅगेने. त्यात सुट्टीचा दाखला, म्हणजे लीव्ह सर्टिफिकेट असेल. रेल्वे वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवासाचा कागद असेल, नाहीतर साधं तिकीट. गाडी स्टेशनवर कधी लागली, एफआयआरमध्ये अपघाताची वेळ काय आहे, घटनास्थळ पंचनाम्यातली जागा स्टेशन आणि गाव यांच्या मधल्या रस्त्यावर आहे का, या तीन गोष्टी एकमेकींना जुळल्या की निम्मं काम झालं. पंचनाम्यात पाठीवरच्या सॅकची नोंद असेल, तर ती ओळ अधोरेखित करा. घरी पोचून मग पाहुण्यांकडे निघालेला माणूस महिन्याभराच्या कपड्यांची सॅक पाठीला बांधून जात नाही. मोटारसायकल चालवणाऱ्या चुलतभावाचा जबाबही महत्त्वाचा. आणि अपघाताच्या भरपाईचा दावा कोर्टात लावला असेल, तर त्या वकिलांकडे एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रमाणित प्रती आधीच असतील. त्या पुन्हा काढायला पोलीस ठाण्याचे हेलपाटे नकोत.

मग अपील. नाकारल्याच्या पत्रापासून पहिल्या अपिलाला सहा महिने असतात. तुमचे ते गेलेत. तरी उशीर का झाला ते खरंखुरं लिहा: पत्र इंग्रजीत होतं, माझ्या हातात आलं नाही, अर्थ कुणी नीट सांगितला नाही. आणि अपील पाठवा. ते नाकारलं गेलं किंवा सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं दार उघडतं, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. पेन्शन दर महिन्याची असते, म्हणून चुकीची पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी साधारणपणे दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच देतात. तुम्हाला पावणेतीन वर्षं झालीत. म्हणजे यापुढे चालढकल केलीत तर दर महिन्याला मागचा एक महिना गळत जाणार. अपील लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. वकिलाची फी परवडत नसेल तरी अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करायचा.

आता लग्न आणि पेन्शन. माझ्या आजोळी एक काकू होत्या. नवरा फौजेत असताना वारला, वर्षाच्या आत दिराशी पाट लावला. "नाहीतर पेन्शन जाईल" एवढं एकच कारण सगळे सांगायचे, आणि त्या काळी ते खोटं नव्हतं. सेवेमुळे मृत्यू झालेल्या सैनिकाच्या विधवेने त्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केलं आणि एकत्र राहून इतर वारसांना आधार दिला, तर तिची पेन्शन चालू राहील, अशी सूट जुन्या नियमांत होती. शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या भत्त्यालाही दिराशीच लग्नाची अट होती. ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाली. त्यामुळे मामा काही मनाचं सांगत नाहीयेत, जुनं सांगताहेत. मात्र जुनं सांगतानाही एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही: ती सूट सेवेमुळे आलेल्या मृत्यूच्या पेन्शनला होती. तुम्हाला आज मिळते त्या साध्या पेन्शनच्या नियमात दिराशी केलेलं लग्नही पुनर्विवाहच. तुमची पेन्शन थांबते आणि मुलाच्या नावावर जाते. तो पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमावता झाला की तोवर, ती त्याला मिळते. तो अज्ञान आहे तोपर्यंत त्याच्या वतीने पालक उचलतो, आणि बापामागे नैसर्गिक पालक आईच. शिक्षकांशी लग्न केलंत तरी हेच होईल. म्हणजे "घरात राहील" आणि "बंद होईल" ही दोन्ही वाक्यं चूक आहेत.

स्पेशल पेन्शन मिळाली, तर चित्रच बदलतं. तिथे पुनर्विवाहानंतरही तुम्ही मुलाला सांभाळत असाल तर पूर्ण पेन्शन तुमच्याकडेच राहते, नवरा कुणीही असो. म्हणून म्हणते, लग्नाचं काय ते ठरवायच्या आधी पेन्शन कोणती ते ठरू द्या. क्रम उलटा केलात, तर साध्या पेन्शनच्या भीतीने असं लग्न कराल, जे स्पेशल पेन्शनने कधी मागितलंच नव्हतं. (हे वाचणाऱ्या ज्या भगिनींना मूल नाही, त्यांच्यासाठी: साधी पेन्शन पुनर्विवाहानंतरही चालू राहू शकते, फक्त स्वतःचं इतर उत्पन्न किमान कुटुंब पेन्शनच्या खाली हवं. आणि अग्निवीरांच्या घरच्यांनी यातलं कुठलंच गणित स्वतःला लावू नये. त्यांना पेन्शनच नाही, ४८ लाखांचा विमा आहे आणि सेवेमुळे मृत्यू आला असेल तर त्यावर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान. त्यावर माझं मत विचाराल तर ते या सदरात मावणारं नाही.)

दिराच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, ती गावात कुणी बोलत नाही. हिंदू विवाह कायद्यात भावाची बायको हे नातं निषिद्ध नात्यांच्या यादीत आहे. ज्या समाजात तशी रूढी पूर्वापार आहे आणि ती सिद्ध करता येते, तिथेच सूट. आपल्याकडे काही समाजांत दिराशी पाट लावतात, काहींत दीर मुलासारखा म्हणून ते पाप मानतात. तुमच्यात रूढी नसेल तर देवळात हार घालून झालेलं हे लग्न उद्या कोर्टात टिकणार नाही. नवरा नाही आणि विधवाही नाही, अशी अवस्था व्हायची. खरोखर दोघांच्या मनात असेल तर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा, त्याच्या यादीत हे नातं नाही. आणि लग्न लपवून पेन्शन चालू ठेवू असं कुणी सुचवलं, तर त्या माणसापासून दोन हात लांब राहा. सापडल्यावर वसुली तुमच्या नावावर निघते, सुचवणाऱ्याच्या नाही.

नोकरीचं उत्तर सोपं आहे. विधवेने पुनर्विवाह केलेला नसेल, तर तिला नोकरी लागली म्हणून कुटुंब पेन्शन थांबत नाही. दवाखान्यात खुशाल रुजू व्हा.

मामा आणि आत्या, म्हणजे सासूबाई, यांच्या जागी बसूनही बघा. कोरडवाहू अडीच एकर, आत्यांची साखर, आणि हातातोंडाशी आलेला मुलगा गेलेला. "पेन्शन जाईल" असं ते म्हणतात, त्यात "तू जाशील, नातू जाईल, मग आमचं कोण" हे दडलेलं असणार. कायद्याने बघाल तर साध्या पेन्शनमध्ये विधवा हयात असताना आईवडिलांना वाटा नाही. पेन्शन मृत्युपत्रानेही दुसऱ्याला देता येत नाही. ती मृताची मालमत्ताच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलंय. भविष्यनिर्वाह निधी, बँकेतली रक्कम यांचं वेगळं. त्यांचं मृत्युपत्र नसेल तर वारसाने येणाऱ्या रकमेत बायको, मुलगा आणि आई सारख्या हिश्शाचे. आत्यांचा हक्क आहे, मामांचा नाही, हे ऐकून मामांना धक्का बसेल, तेव्हा जरा बेताने सांगा. सातबाऱ्यावर तुमची आणि मुलाची वारस नोंद झालीय का, तेही याच निमित्ताने पाहून घ्या.

पण स्पेशल पेन्शनमध्ये एक कलम असं आहे, जे तुमच्या बाजूचे लोक सांगायचे विसरतील. जवानांच्या बाबतीत, पेन्शन घेणारी व्यक्ती त्याच्यावर अवलंबून असलेल्या इतर वारसांना आधार द्यायला नकार देते असं दिसलं, तर ती पेन्शन वाटून देण्याची तरतूद आहे. म्हणजे जो अर्ज तुमची पेन्शन वाढवेल, तोच म्हाताऱ्यांना तुमच्याविरुद्ध अर्ज करायची वाटही देईल. मला याची भीती वाटत नाही. उलट, मामांना तुमच्या बाजूला आणणारं हेच कलम ठरेल. त्यांना समोर बसवून सांगा: आपल्याला मिळते त्याहून मोठी पेन्शन आपली असू शकते, त्यासाठी तुमची आणि चुलतभाऊजींची साक्ष लागेल, आणि माझं लग्न होवो न होवो, दर महिन्याला इतकी रक्कम मी आत्यांच्या खात्यावर टाकीन. आकडा तुम्ही ठरवा, झेपेल तोच सांगा, आणि कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. आजवर पेन्शन मामांच्या हातून तुम्हाला मिळत होती. आता ती तुमच्या हातून त्यांना जाऊ दे.

त्यासाठी खातं आधी तुमच्या एकटीच्या नावावर करा. पेन्शन आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून थेट खात्यात येते. खातं बदलायची सोय तिथेच आहे. मोबाइलवर जमत नसेल तर सैनिक कल्याण कार्यालयात स्पर्शचं सेवा केंद्र जवळ कुठलं ते विचारा. जाताना पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत न्या आणि त्यावर पेन्शनचा कोणता प्रकार छापलाय ते स्वतः वाचा. मी इतकं लिहिलंय ते तुमच्या पत्रावरून. कागदावर काय आहे ते मी पाहिलेलं नाही, आणि बहुतेक तुम्हीही नाही.

लाजेबद्दल लिहिलंत. पहाटे साडेचारला उठून डोंगराएवढ्या थंडीत उभा राहणारा माणूस पगाराचा हिशेब करत होता, घरी किती पाठवायचे, मुलाच्या नावावर किती टाकायचे. त्याला लाज वाटत नव्हती. तोच हिशेब आज तुमच्याकडे आलाय, फक्त वही बदलली.

लग्नाचं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्ही मला ते विचारलेलंच नाही. पेन्शनसाठी कोणतं लग्न करू, एवढंच विचारलंत. अपील पाठवून झालं, दवाखान्याचे तीन-चार पगार हातात आले, की मग तेच पत्र पुन्हा लिहून बघा. तेव्हाही शिक्षकांचा विषय निघाला तर त्यांना मुलासह दोन-चार वेळा भेटा आणि दिवंगत नवऱ्याचा फोटो घरात लावलेला चालेल का, हे स्पष्ट विचारा. दिराला एकट्याला गाठून विचारा की बाबा, तुझ्या मनात काय आहे. पंचविशीतला मुलगा आहे, त्याचं कुठे जमलेलंही असेल आणि बिचारा घरच्यांच्या धाकाने गप्प असेल.

आणि ट्रंक. ती आत्यांच्या माघारी उघडू नका, मामांकडून किल्लीही काढून घेऊ नका. दुपारची जेवणं झाल्यावर आत्यांजवळ बसा आणि सांगा की सुट्टीचा कागद हवाय, तो त्यांच्या बॅगेत आहे. ट्रंक त्यांनाच उघडू दे, बॅगही. वेळ लागेल, रडतील, लागू दे. कपडे, साबण, मुलासाठी घेतलेलं काही असेल तर ते सगळं त्यांच्याकडेच राहू दे. तुम्हाला फक्त खिशातले कागद हवेत.